मावशींचा परदेशी भाडेकरू
कोर्टामागच्या गल्लीत मावशी खोल्या भाड्याने देत. तोंडाच्या फटकळ, पण शब्दाच्या पक्क्या. त्यांच्या एका परदेशी भाडेकरूला, हॉटेलातल्या स्वयंपाक्याला, पोलिसांनी मारामारीच्या गुन्ह्यात उचलले. मावशी जामीनदार राहिल्या. कोर्टाने जामीन दिला, पण अटी घातल्या: पासपोर्ट कोर्टात जमा करायचा, राहत्या पत्त्याची पोलिसांत नोंद करायची आणि सुटल्यावर दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची.

पासपोर्ट जमा करून मावशी ठाण्यात गेल्या. हवालदार म्हणाला, "परदेशी भाडेकरू ना? मूळ पासपोर्ट दाखवा."

"तो कोर्टात आहे."

"मग कोर्टातून आणा."

कोर्टातला कारकून म्हणाला, "पासपोर्ट मिळणार नाही. आणि नोंदणीशिवाय सुटका नाही."

दोघेही नियमाने अगदी बरोबर होते. फक्त जामीन मिळालेला माणूस तुरुंगात भांडी घासत होता.

शेवटी मावशी न्यायाधीशांपुढेच उभ्या राहिल्या. सरकारी वकील म्हणाले, "परदेशी आहे, पळून जाईल."

"अहो वकीलसाहेब, पासपोर्ट तुमच्या कपाटात, माणूस तुमच्या कोठडीत. त्याला पळायलासुद्धा तुमच्या कारकुनाची सही लागेल, आणि ती मिळेपर्यंत तो म्हातारा होईल!"

न्यायाधीशांना हसू आवरेना. पासपोर्टची शिक्का मारलेली प्रत नोंदणीला चालेल, असा हुकूम त्यांनी तिथेच दिला. हे आधी का सुचले नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तुरुंगाच्या दारात मावशींना पाहून स्वयंपाकी रडू लागला.

"रडतोस काय मेल्या? ठाण्यातली हजेरी एकदा जरी चुकवलीस, तर मीच तुला इथे आणून सोडीन."