अण्णांचं पथ्य आणि आमचा नियम

आमच्या सुरतेजवळच्या पलसाण्याच्या मिलमध्ये कापडाला रंग चढो न चढो, जेवणाच्या सुट्टीत किस्से मात्र रोज पक्के रंगतात. त्यातले निम्मे एकट्या दगाअण्णांचे! अण्णा आमचे रंगमास्तर, मूळचे शिरपूरकडचे. वर तेलाची लाल तर्री नसलेली भाजी म्हणजे त्यांच्या लेखी आजाऱ्याचं जेवण.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. रिपोर्ट आला, कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तेल किती खाता?"

"खातच नाही साहेब, भाजीत असतं तेवढंच!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तूप, वनस्पती तूप, तळण बंद. नाहीतर रक्तवाहिनीत थर बसतो, म्हणाले. मुलानं वर दम भरला, "पुढचा रिपोर्ट सुधारला नाही तर नोकरी बंद. गावी जाऊन बसायचं!" अण्णांचा चेहरा पडला. खरं सांगतो, आमचाही पडला. अण्णांशिवाय कसली सुट्टी?

*

शेंगदाणा तेल थोडं चालेल, असंही डॉक्टर म्हणाले होते. अण्णांनी त्यातलं 'थोडं' तेवढं दवाखान्यातच ठेवलं. घरी येऊन वहिनींना म्हणाले, "औषधच आहे ते, हात आखडू नको!"

*

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतेत तुपात घोळलेली माव्याची घारी खाल्ल्याशिवाय कोण राहतं? अण्णांनी घारीवरचा तुपाचा थर सुरीनं अलगद खरवडून वाटीत काढला. आम्ही म्हटलं, वा, सुधारला गडी! घारी संपली. मग वाटीतलं तूप खिचडीवर घेतलं. "अन्न वाया घालवू नये रे!"

*

आता आमचा नियम. डबे मधे ठेवायचे आणि आपल्या डब्यातलं आपण खायचं नाही. वर्षानुवर्षांची रीत! त्यामुळे झालं काय, वहिनींची बिनतेलाची दुधी खाल्ली आम्ही, आणि आमची झणझणीत शेवभाजी अण्णांनी! पुढच्या रिपोर्टात अण्णांचं कोलेस्टेरॉल आणखी वर. आमच्यातल्या गुलाबनंही सहज तपासून घेतलं, तर त्याचं मात्र मस्त खाली!

मुलानं गावची तिकिटं बघायला सुरुवात केली. वहिनींनी रडूनरडून एक महिना मागून घेतला आणि तडक मिलच्या गेटवर आल्या. आम्ही माना खाली घालून उभे. त्या एवढंच बोलल्या, "तुमले दोस्त जोयजे का तर्री?" दोस्त हवा की तर्री, निवडा म्हणे!

सोमवारी डबे उघडले. सगळ्यांत दुधी! आम्ही सगळे राहतो त्या उधन्यात वहिनी प्रत्येकाच्या घरी जाऊन आल्या होत्या.

*

महिन्यानं रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल उतरलं! मुलगा म्हणाला, "राहा बाबा, पण असंच खा." आम्ही अण्णांना उचलूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यांत दुधीच. अण्णांनी डबा उघडला आणि सगळा हॉल घमघमला. शेवभाजी! वर बोटभर लाल तर्री. अण्णांचे डोळे भरून आले. "बघा, शेवटी माझी बायको!" म्हणत त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हात पुढे केला.

गुलाबनं मनगट धरलं.

"अण्णा, आपल्या डब्यातलं आपण खायचं नाही!"