पानदानामागचा आरसा

सासूबाईंनी दिलेलं चांदीचं पानदान परतूरचा सराफ मोडीच्या भावात मागत होता. लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला तेवढं पुरणार नव्हतं. म्हणून तिनं ते इंटरनेटवरच्या लिलावात विकायचं ठरवलं.

“आई, तिथं एकच फोटो फुकट. दुसऱ्याला पैसे पडतात.”

नक्षी तर मागूनही होती. अंबाड्यावर गजरा नीट बसला का, ते मी डोक्यामागं दुसरा आरसा धरून पाहते. तोच आरसा मी पानदानामागं उभा केला.

“लई डोकं चालतं की तुझं! पण सरक, आरशात तूच दिसून राह्यली.”

मी सरकले. पानदान चांगल्या किमतीला गेलं, तिचा प्रवेशही झाला. फोटोत मात्र माझ्या हिरव्या पदराचा काठ राहिला. किती परक्या लोकांनी तो पाहिला असेल, या विचारानं अजून लाजायला होतं.