शेपटीवरची पट्टी

सकाळपासून सोळा वेळा मोबाईल वाजला. प्रत्येक वेळी आम्ही गोठ्यात धावलो. प्रत्येक वेळी म्हैस निवांत रवंथ करत होती.

म्हैस गुंजवणे गावच्या हिराबाईंची. दिवस भरत आलेले. मागच्या खेपेला सगळे भातलावणीला गेले असताना ती एकटीच अडली आणि रेडकू दगावलं. म्हणून आमच्या कंपनीच्या ट्रायलला हिराबाई लगेच तयार झाल्या.

आमचा सेन्सर म्हणजे कार्बनची पूड मिसळलेली रबराची पट्टी. साध्या रबरातून वीज जात नाही, यातून जाते. पट्टी वाकून ताणली गेली की कार्बनचे कण लांब सरकतात आणि विजेला अडथळा वाढतो. तेवढंच मोजायचं. व्यायच्या आधी म्हैस शेपूट उचलते, म्हणून पट्टी शेपटीच्या बुडाशी; शेपूट उचललं की मोबाईल वाजतो.

वरव्याच्या ऑफिसातून सरांचा फोन आला. "मॅडम, पट्टी फॉल्टी आहे. काढून आणा."

"सर, पट्टी ठीक आहे. आपण भलतंच मोजतोय."

"मग संध्याकाळपर्यंत नीट करा. नाहीतर ट्रायल बंद."

हिराबाई वैरण टाकत होत्या. म्हणाल्या, "म्याडम, ती माश्या हाकलतीया. त्यात शेपूट वर जातं आन् लगीच खाली येतं. व्यायच्या येळी तसं न्हाई. वर धरती ती खाली घेतच न्हाई."

"किती वेळ?"

"चुलीवर चा उकळंस्तवर तरी."

मी तिथंच लॅपटॉप उघडला. शेपूट किती वेळा उचललं हे मोजणं बंद, किती वेळ वर राहिलं ते सुरू. ताणलेलं रबर पूर्ववत व्हायला जरा वेळ घेतं, तेवढी सवड धरली. मोबाईल गप्प झाला. इतका गप्प, की दोन दिवस मलाच धास्ती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो वाजला. सगळे खाचरात, मीसुद्धा. हिराबाई हातातली रोपं टाकून पळाल्या, मी मागोमाग. रेडकाचा एकच पाय बाहेर दिसत होता. फोन केल्यावर वेल्ह्याहून डॉक्टर आले, दुमडलेला पाय त्यांनी सरळ केला, आणि पारडी बाहेर आली. ओलीचिंब, काळीभोर, शिंकत. हिराबाईंनी चिखलाच्या हातांनी मला मिठी मारली.

"पोरी, लई ब्येस झालं गं!"

रिपोर्टमध्ये 'तज्ज्ञ सल्लागार' म्हणून मी हिराबाईंचं नाव लिहिलं. सरांनी विचारलं, "यांचं क्वालिफिकेशन?"

"म्हशी," मी म्हणाले. त्यांनी हसत सही केली.

आता कुठलाही सेन्सर बसवण्याआधी मी घरच्या माणसाला एक प्रश्न विचारते: तुम्हाला हे कशावरून कळतं? निम्मं काम तिथंच होतं.