डाव्या कानातली जोडी

लकडगंजमधल्या एका ठोक प्लायवूडच्या दुकानात भैरवी काळमेघ बिलिंग सांभाळते. दिवसभर प्लायची जाडी, माप, गाडीचा नंबर आणि जीएसटी. संध्याकाळी मनीषनगरच्या घरी आली की ती चहा टाकते, साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करते आणि कुणीतरी नवाकोरा हेडफोन खोलून आतल्या तारा दाखवतोय असा व्हिडिओ लावते. चहा उतू जातो तो याच वेळेला. चाळिशी उलटली तरी तिचा हा नाद सुटलेला नाही, आणि सुटावा असं घरात कुणाला मनापासून वाटतही नाही. तिचा नवरा स्वानंद कळमेश्वरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. बायकोच्या कपाटातल्या जुन्या चार्जरांच्या खणाला तो 'सापांचं बीळ' म्हणतो, पण फोन बंद पडला की पहिला तोच तिथे हात घालतो.

रविवारी सकाळी भैरवी बेडरूमच्या कपाटात तोंड खुपसून बसते. साड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणून. तिथे ती 'भैरवीचं बटण' नावाचा आपला कार्यक्रम रेकॉर्ड करते आणि नेटवर टाकते. ऐकणारे मोजकेच, त्यातले बरेचसे नात्यातले. पण तिची मतं ठाम असतात. चांगलं चाललेलं अ‍ॅप अपडेटच्या नावाखाली बिघडवणाऱ्यांवर तिचा फार राग आहे. रोजच्या वाटेवरचा ओळखीचा चहावाला कुणी रातोरात हलवावा तसं तिला वाटतं. घडीचा फोन म्हणजे तिच्या मते उघडझाप करण्याची हौस, बाकी काही नाही. कोरियन मालिका ती हिंदीतून आवडीने बघते, पण तिचं लक्ष नायकापेक्षा त्याच्या फोनवर जास्त. प्रेमभंग झाला, अपघात झाला, स्मृती गेली, तरी या लोकांचं चार्जिंग कधी संपत कसं नाही, यावर तिने एक अख्खा भाग केला होता.

गेल्या हिवाळ्यात तिचे सासरे वामनराव कळमेश्वर सोडून मनीषनगरला राहायला आले. यायची त्यांची इच्छा नव्हती. पण डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढत गेला, मधलं दिसेनासं झालं, फक्त कडेकडेचं धुरकट उरलं. मग स्वानंद गेला आणि त्यांना घेऊनच आला.

वामनराव एके काळी पंचक्रोशीत आवाजासाठी प्रसिद्ध होते. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माईकवर तेच असायचे, निकालही तेच सांगायचे. कुणाची जोडी सुटली, कुठली पुढे आहे, कुठला बैल रेटून राहिला, हे ते असं सांगत की मागच्या रांगेत उभ्या माणसालाही धूळ नाकात गेल्यासारखं वाटे. मग पटावर बंदी आली आणि त्यांचा माईक बंद झाला. काही वर्षांनी बंदी उठली, गावोगावी पट पुन्हा भरू लागले, पण तोवर त्यांचे डोळे गेले होते. फ्लॅटच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसत आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नसत.

भैरवीने तिच्या पद्धतीने उपाय सुरू केले. तिने बोलण्यावर चालणारा, बाईच्या आवाजात उत्तर देणारा एक स्पीकर त्यांच्या उशाशी आणून ठेवला. त्याला सांगितलं की तो बातम्या लावतो, भजन लावतो, वेळ सांगतो. पण वामनरावांचं बोलणं त्याच्या पचनी पडेना. "बातम्या लाव वं बाई," असं ते म्हणाले की तो एखादं पंजाबी लग्नगीत लावून मोकळा व्हायचा. 'काहून लावलं' विचारलं तर 'काहून'चं 'कानून' ऐकून कायद्याची माहिती देऊ लागायचा. वामनराव म्हणाले, बाई शहरातली दिसते, आपली भाषा तिले समजत नाही. मग भैरवीने त्या स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये बसून वामनरावांची वाक्यं जशीच्या तशी भरली आणि कुठल्या वाक्याला काय करायचं ते त्याला शिकवलं. दुसऱ्या दिवशी 'बातम्या लाव वं बाई' म्हणताच बातम्या लागल्या. त्या दिवशी वामनरावांनी उगाचच चारदा वेळ विचारून घेतली.

खरी गंमत झाली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यांची नात, म्हणजे भैरवीची मुलगी नूपुर, गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होती. कूलरच्या आवाजात तिला ऐकू येईना म्हणून तिने मोठा हेडफोन लावला होता. आजोबांनी विचारलं, काय ऐकून राहिली? तिने तो हेडफोन काढून त्यांच्याच कानावर चढवला. भैरवी भाजी निवडत होती. तिला दिसलं की वामनरावांची मान डावीकडून उजवीकडे वळली, थांबली, पुन्हा वळली.

"उजवीकडून गेली एक," ते म्हणाले. "आता मांगून दुसरी येऊन राहिली. भारी गाडी आहे."

नूपुरने पडद्यावर पाहिलं. खरोखरच मागून ट्रक येत होता.

भैरवीच्या हातातली गवार तशीच राहिली. त्यांना पडदा दिसणार नव्हता. पण आवाज डावीकडे आहे की उजवीकडे, जवळ की दूर, एवढं कानांनी कळत असेल तर शर्यत दिसायची गरजच काय, असं तिच्या मनात आलं. डाव्या कानात एक बैलजोडी, उजव्या कानात दुसरी. जी पुढे तिचं घुंगरू मोठं.

तिला प्रोग्रामिंग येत नव्हतं. पण नेटवर एक साधन होतं, त्यात ठोकळे एकमेकांना जोडून छोटे गेम बनवता येत, लहान मुलांसाठी केलेलं. तिने ते शिकायला घेतलं. दुकानात जेवणाच्या सुट्टीत डबा एकीकडे आणि ठोकळे एकीकडे. पहिल्या प्रयत्नात दोन्ही जोड्या उलट्या दिशेने धावल्या. दुसऱ्यात एक जोडी पडद्यातून बाहेर पडली ती परत आलीच नाही. शेवटी एक साधा पट उभा राहिला: दोघांनी आपापल्या फोनवर बोटं आपटायची, ज्याची बोटं जास्त चपळ त्याची जोडी पुढे.

घुंगरांचा आवाज मात्र तिला नेटवरचा नको होता. एका रविवारी ती आणि स्वानंद कळमेश्वरला गेले. तिथे वामनरावांचा चुलतभाऊ धोंडबा अजून शेती करतो, त्याच्याकडे बैल आहेत. सुनेला बैलांचं रेकॉर्डिंग हवं आहे हे कळल्यावर त्याने स्वानंदकडे असं पाहिलं, जणू विचारतोय, घरी सगळं ठीक आहे ना. तरी त्याने पेटीतून घुंगरमाळा काढल्या, बैलांच्या गळ्यात घातल्या. बैल जागचे हलेनात. भैरवी माईक धरून वाकली की ते माईक हुंगायचे. अखेर धोंडबाने शेपटीला हात लावला आणि जोडी अशी सुटली की भैरवी माईकसकट बांधावर बसली. रेकॉर्डिंग उत्तम झालं. त्यात शेवटी तिचा स्वतःचा 'अगं बाई' होता, तो कापून टाकावा लागला.

घरी आल्यावर तिने वामनरावांना हेडफोन लावून दिला आणि काही न सांगता गेम सुरू केला. ते ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "घुंगरू माह्या घरचं आहे. पण बैल खोटे. यायले पाय नाही."

पाय नव्हतेच. खुरांचा आवाज टाकायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा कळमेश्वर. धोंडबाने यावेळी काही विचारलं नाही, सरळ बैल सोडले.

खुरं घातल्यावर तिने गेम पुन्हा लावला. एका फोनवर नूपुर, दुसऱ्यावर स्वानंद. जोड्या सुटल्या. वामनराव आधी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते, मग पुढे सरकले, मग उभेच राहिले. आणि त्यांचा आवाज सुटला. मंडळी, डावी जोडी निघाली, उजवी मांगं नाही, हाकणाऱ्या धुरकऱ्याने कासरा ढिला सोडला, आता बघा, आता बघा. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं, कुणीतरी जिन्यात थांबलं. भैरवीने सासऱ्यांचा हा आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. स्वानंदचं बोट फोनवर तसंच थांबलं होतं. तो हरला, आणि आपण हरलो हे त्याला कळलंच नाही.

बातमी सोसायटीच्या सचिव अरुंधतीताईंपर्यंत जायला वेळ लागला नाही. तान्हा पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून आणतात, त्यांना बक्षिसं मिळतात, घरोघरी बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मिळतात. त्यांनी भैरवीला सांगितलं की यंदा बैल सजावटीनंतर तुझा पट ठेवू, पार्किंगमध्ये प्रोजेक्टर लावू, आणि काका माईकवर.

वामनरावांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी फेटा मागवला.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये गाड्या हलवून जागा केली होती. पांढऱ्या चादरीवर दोन जोड्या दिसत होत्या, डावीकडे लाल झुलीची, उजवीकडे निळ्या झुलीची; वामनरावांना ते आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या काही फेऱ्या झकास झाल्या. वामनराव फेटा बांधून, खुर्चीवर ताठ बसून, एका हातात माईक घेऊन बोलत होते आणि मुलं ओरडून घसा बसवत होती. मधल्या चहाच्या वेळी त्यांनी हेडफोन काढला. शेवटची फेरी लागली तेव्हा फेट्यावरून तो नीट चढेना, म्हणून अरुंधतीताईंनी पुढे होऊन बसवून दिला.

शेवटच्या फेरीत एकीकडे नूपुर होती, लाल जोडी. दुसरीकडे दुसऱ्या विंगमधला आर्यन, निळी जोडी. जोड्या सुटल्या आणि वामनरावांनी सुरुवात केली: लाल जोडी पुढे, लाल जोडी हवेत, निळीचा दम तुटून राहिला.

चादरीवर मात्र निळी जोडी पुढे होती.

लोक आधी हसले. त्यांना वाटलं, गंमत करताहेत. वामनराव लाल जोडीला आणखी पुढे काढत गेले. मग मागून कुणीतरी म्हणालं, आजोबा नातीलेच जिंकवून राहिले. ते माईकजवळ ऐकू गेलं. वामनरावांचं वाक्य मध्येच तुटलं. एकदा त्यांनी सख्ख्या भावाची जोडी हरली म्हणून माईकवर सांगितलं होतं, आणि त्यावरून भाऊ दोन दिवाळ्या बोलला नव्हता, हे तिथल्या लोकांना माहीत नव्हतं. भैरवीला माहीत होतं.

त्यांनी माईक खाली घेतला. "मी चुकून राहिलो का वं?"

भैरवीला वाटलं आपले ठोकळे चुकले. गेम ज्यावर चालला होता त्या लॅपटॉपकडे ती धावली, तिथे सगळं बरोबर होतं. मग तिची नजर हेडफोनकडे गेली. त्याची वायर डाव्या कानातून निघते. ती वामनरावांच्या उजव्या खांद्यावरून लोंबत होती. हेडफोन उलटा बसला होता. डावी जोडी उजव्या कानात, उजवी डाव्या कानात. त्यांनी जे ऐकलं ते अगदी बरोबर सांगितलं होतं.

"बाबा, तुम्ही नाही चुकले. हेडफोन उलटा आहे," ती म्हणाली, आणि तो काढून सरळ केला.

वामनरावांना ते उमगायला क्षणभर लागलं. मग फेट्याखालचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी माईक उचलला.

"मंडळी, पंचाले कमी दिसलं तर चालते. पण पंचाचे कान उलटे लागले तर नाही चालत. पट पुन्हा."

हशा झाला, टाळ्या झाल्या, ज्याने मागून शेरा मारला होता त्याने सगळ्यात जोरात वाजवल्या. अरुंधतीताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पट पुन्हा लागला. या वेळी चादरीवर जे घडत होतं ते त्याच क्षणी वामनरावांच्या तोंडून येत होतं. काही जणांनी तर मुद्दाम डोळे मिटून घेतले. निळी जोडीच जिंकली, थोडक्यात, आणि आजोबांनी आपल्या नातीचा पराभव अख्ख्या सोसायटीला खणखणीत आवाजात सांगितला. नूपुर त्यांच्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भैरवीने हेडफोनच्या डाव्या बाजूला आपली एक खड्याची टिकली चिकटवली. बोट फिरवलं की डावा कान कळतो.

तो गेम तिने नेटवर फुकट ठेवला. दुसऱ्या विंगमधल्या एका बाईंचा भाऊ अंध आहे, पहिला त्यानेच घेतला. मग त्याच्या मित्रांनी. 'भैरवीचं बटण' ऐकणारे आता नात्याबाहेरही आहेत, कारण रविवारी कपाटासमोर दोन खुर्च्या असतात आणि दुसऱ्या खुर्चीवर वामनराव. परवा त्यांनी एका स्मार्ट घड्याळाची चांगलीच हजेरी घेतली. घंटाभर बसलो तर उठा म्हणते, उठलो तर शाबास म्हणते, एवढं तर आमच्या मास्तरनेही कधी केलं नाही, असं ते म्हणाले.

सध्या सासरे-सुनेचं एका गोष्टीवरून वाजलं आहे. खऱ्या पटात एखादा बैल ऐन वेळी मध्येच अडतो, तसा या गेममध्येही अडला पाहिजे, असं वामनरावांचं म्हणणं. खेळणारे वैतागतील, कमी तारे देतील, हे भैरवीचं. "मग त्यायले पट समजलाच नाही," म्हणून ते विषय संपवतात. तिने अजून ऐकलेलं नाही. पण काल दुकानात एका गिऱ्हाईकाचं बिल करताना तिचा हात थांबला. अडलेल्या बैलाचं घुंगरू कसं वाजत असेल, एकदम बंद होत असेल की हळूहळू, ते धोंडबाला फोन करून विचारायला पाहिजे, असं ती मनाशी म्हणत होती.