कुणाच्या दहाव्याला?

"शेठ, साहेब गेले," संतोष फोनवर म्हणाला. मी गिऱ्हाइकासमोर कापड फाडत होतो. सवयीनं विचारलं, "कुणाच्या दहाव्याला?" तो म्हणाला, "न्हाई ओ शेठ. साहेबच गेले. हार्ट अटॅक." महिना होऊन गेला, तरी माझाच प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

भागवत खासदार झाल्यापासून त्याचा स्वीय सहायक संतोष रोज संध्याकाळी मला फोन करून विचारायचा, "उद्या कुणाचा दहावा?" कुणाच्या दहाव्याला जायचं, ते माझ्याकडून ठरायचं. बेल्ह्यात माझं कापडाचं दुकान. आसपास कुणी वारलं की पांढरं कापड इथूनच जातं, त्यामुळं कुणाचा दहावा कधी, हे मला पाठ. जुन्नर-आंबेगावात खासदाराचं खरं अधिवेशन नदीकाठच्या घाटावर भरतं. मांडव, खुर्च्या, माईक, आणि श्रद्धांजलीच्या निमित्तानं वक्त्यांनी करून दिलेली स्वतःचीच ओळख.

भागवत पिंपरी पेंढारचा, माझा शाळासोबती. तहसीलदार झाला, पुढं जिल्हाधिकारी. अधिकारी असताना त्याचं उत्तर ठरलेलं: "होईल", नाहीतर "न्हाई होणार". लोक शिव्या द्यायचे, पण त्यांचा दुसरा हेलपाटा वाचायचा. त्याच भांडवलावर नोकरी सोडून तो निवडून आला. दिल्लीहून परतला की माझ्या गादीवर लोड ओढून आडवा व्हायचा. "तिथं जास्त बोललं की घंटी वाजते राव," तो म्हणायचा. "घाटावर कुणीच वाजवत न्हाई." तो स्वतः दहाव्याला मागच्या रांगेत बसायचा आणि माईक पुढं आला की नुसते हात जोडायचा. अशानं मतं जातात, असं कार्यकर्ते मला ऐकवायचे. त्याला ऐकवायची हिंमत नव्हती.

दिवाळीनंतर आला, ती शेवटची भेट. चहा पिता पिता म्हणाला, "माझ्या दहाव्याला भाषण होऊ द्यायचं न्हाई. ते तुझ्याकडं."

"मीच का?"

"तुम्हा जैनांत दहावा नसतो. तिथं भाषणं ठोकून तुझ्यावर उट्टं कसं काढतील?"

मी हसून "बरं" म्हणालो. असलं बोलणं कुणी मनावर घेतं का...

त्याच्या दहाव्याला घाट भरून गेला. एक माजी मंत्री उठले, त्यांनी घसा साफ केला. पुढं होऊन मी माईक हातात घेतला. "भाषण नको, असं भागवत सांगून गेलाय."

"शेठ, दोन शब्द तरी..." मंत्री पुटपुटले.

"न्हाई होणार," मी म्हणालो आणि बटण बंद केलं.

खुर्च्या कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. दहा दिवस भेटायला येणाऱ्यांना चहापाणी विचारत राहिलेली भागवतची बायको त्या शांततेत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

काल संध्याकाळी संतोषचा फोन आला. "शेठ, उद्या कुणाचा..." आणि तो थांबला. त्यालाही सवय.

मी सांगितलं, "पिंपळवंडीला आहे एक. गाडी घेऊन ये. मागं बसू."