भावासाठी आलोय

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी दादाचं नाव घेतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आठवीतून शाळा सोडून तो गवंड्याच्या हाताखाली गेला, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. परभणीला कामावर येताना तो वसतिगृहात माझा डबा देऊन पुढे जायचा. आज तो स्वतः मिस्त्री आहे आणि पेडगावच्या विहारात वंदनाही तोच घेतो. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना त्याला कधी अडखळावं लागलं नाही. त्याच्या मागे बसून मीही तेच म्हणायचो, तोंडातली बडीशेप जिभेखाली सरकवून.

मी परभणीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. बोनाफाइड लिहिताना हात थरथरायला लागला तेव्हा घाबरून दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी औषध दिलं आणि चिठ्ठीच्या मागे परभणीतल्याच एका शाळेचा पत्ता लिहिला. "दारू सोडलेले लोक तिथं रविवारी दहाला बसतात. जाऊन तर बघा."

त्या शाळेवरून मी तीनदा नुसताच गेलो. आत आमच्या कॉलेजातल्या एखाद्या विद्यार्थ्याचे वडील निघाले तर? चौथ्या फेरीला फाटकातल्या म्हाताऱ्या काकांनीच हटकलं. "काय हुडकायलाव?"

"भावासाठी आलोय," माझ्या तोंडून गेलं. "मोठा भाऊ पितो. माहिती पाहिजे होती."

काका त्या बैठकीतलेच जुने निघाले. त्यांनी मला वर्गात नेलं. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून सात-आठ माणसं बसली होती. "हे सर भावासाठी आलेत," काका म्हणाले आणि सगळा वर्ग हसला.

"माझा तर मेव्हणा प्यायचा, सर," एकजण म्हणाला. "काका म्हणले, मेव्हण्याला घेऊन ये. मंग मीच रडायलो."

तेव्हाच हसून खरं सांगता आलं असतं. पण 'सर' म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. "नाही, खरंच माझा मोठा भाऊ पितो," मी म्हणालो.

शेजारच्या बाकावरच्या माणसानं सहज विचारलं, "गाव कोणतं?"

आपल्याकडे गाव विचारलं की उत्तर आपोआप येतं. "पेडगाव."

"पेडगावात कुठं?"

"विहाराजवळच घर आहे."

"अस्सं. आमी पिंगळीचे."

दादाच्या मुलीला पिंगळीच्याच लोकांनी पाहून आठ दिवस झाले होते. त्यांचा होकार यायचा होता. विहाराजवळचा, भाऊ परभणीत नोकरीला असलेला, असा पेडगावात दादा एकटाच.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. बुधवारी दादाचा फोन आला. त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. मागे वहिनी आणि पुतणी बोलताना ऐकू येत होत्या.

"पिंगळीचा निरोप न्हाई अजून," दादा म्हणाला. "इचारपूस करायलेत जनू. करू दे की. आपल्यात काय खोट हाय?"

मी "हो" म्हणालो. त्या संध्याकाळी मी पुन्हा प्यालो.

रविवारी दहाच्या आधीच शाळेत पोचलो. पिंगळीचा माणूस आला नव्हता. साडेदहापर्यंत मी दाराकडे बघत होतो. मग उभं राहून सांगितलं, की माझा भाऊ पीत नाही, मी पितो. या वेळी कुणी हसलं नाही.

बैठक संपल्यावर मी काकांना त्या माणसाचा नंबर मागितला.

"कुणाचा नंबर देत नसतोत आमी. तुमचा बी कुणाला देणार न्हाई."

"तो बाहेर बोलेल का?"

"बोलायचं नसतंय. पण त्यो नवा हाय, त्याची हमी मी कशी घेऊ?" काका चपला घालता घालता थांबले. "भावाला सांगितलं का?"

"नाही."

"मंग पिंगळीच्याच्या मागं कशाला लागलाव?"

स्पीकरवरच्या फोनवर हे बोलता येणार नव्हतं. समोर गेलो असतो तर दुसरंच काहीतरी बोलून परतलो असतो. सोमवारी सकाळी ऑफिसात जाण्याआधी पत्र लिहिलं आणि स्वतः पोस्टात टाकलं:

दादास सविनय जयभीम.

मी दोन वर्षांपासून दारू पितो. सोडण्यासाठी परभणीत एका बैठकीला जातोय. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून तिथं सांगितलं, की माझा मोठा भाऊ पितो. ऐकणाऱ्यांत पिंगळीचा एक माणूस होता. तो कुणाजवळ बोलला का, मला माहीत नाही. निरोप त्यामुळेच अडला का, तेही माहीत नाही. तू म्हणशील तर मी पिंगळीला त्या घरी जाऊन पिणारा मी आहे असं सांगतो. तू नको म्हणालास तर जाणार नाही. पोरीला काय सांगायचं ते तू ठरव. वहिनीला मात्र सांग, तिला बाहेरून कळू नये.

गेल्या बुधवारी मी प्यालो होतो. त्यानंतर नाही.

वाचून झाल्यावर फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा खोटं बोलेन. दोन ओळी का होईना, लिहूनच पाठव.

तुझा धाकटा भाऊ