चाचांचा चष्मा

धामणकर नाक्यावर एक चाचा टाईपरायटर घेऊन बसतात. रेल्वे अपघाताच्या भरपाईचे अर्ज ते दोन बोटांनी टाईप करतात आणि एरवी फार हळू बोलतात. पण अर्ज झाला की ते चष्मा लावतात आणि रेल्वेचे वकील होतात. मग समोरच्याची खैर नाही.

गाडीतून उतरताना पडून माझा उजवा पाय गेला. माझा अर्ज झाला आणि चाचा भर नाक्यावर ओरडले, "चालत्या गाडीतून उडी मारलीत ना, बाई?"

रिक्षावाले बघायला लागले. माझी मान खाली गेली. चाचांनी चष्मा काढला.

"ताई, कोर्टात मान खाली घातली तर उडी मारली असंच समजतील. चलो, फिर से."

असं चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत म्हटलं, "गाडी थांबली होती. मी उतरत होते तेव्हा ती एकदम सुटली. उडी मारली नाही."

"चाचा, हरलात तुम्ही!" एक रिक्षावाला ओरडला. चाचांनी हसत चष्मा मिटून खिशात ठेवला.

काल कोर्टात रेल्वेच्या खऱ्या वकिलानं तेच विचारलं. पण इतकं हळू, की मलाच म्हणावं लागलं, "साहेब, जरा मोठ्यानं विचारा."